डाव्या हाताचा पुरावा

तुम्ही माझ्या बापाचा हात चोरलात. ‘शब्द जपून वापरावेत’ असं तुमच्याच पत्रात आहे, म्हणून जपूनच वापरतो: चोरी वॉकर बनवणाऱ्या कंपनीनं केली, तुमच्या ऑनलाइन दुकानानं त्या चोरीवर शिक्का मारला, म्हणजे चोरापेक्षा तुम्ही मोठे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण बोंब मारायला निदान तोंड लागतं. तुम्हाला तोंडच नाही. तुमच्या प्रत्येक पत्राखाली ‘आपली साहाय्यक टीम’ एवढंच. त्या टीममध्ये माणसं आहेत का, त्यांना नावं आहेत का, ती दुपारी जेवतात का, त्यातल्या एखाद्याच्या घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, काही पत्ता नाही. आणि त्याही खाली बारीक अक्षरात: या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. मी पाठवतोय. वाचा, नका वाचू. मला आता कशाचंच भय उरलेलं नाही, कारण भ्यायला जे काही शिल्लक होतं ते तुम्ही नेलंत.

त्या सकाळी मी आप्पांची दाढी करत होतो. आप्पा म्हणजे माझे वडील. एका गालाचं झालं होतं, दुसऱ्यावर फेस होता, आणि खिशात फोन वाजला. दाढी करताना मी फोन बघत नाही, आप्पांची मान मध्येच झुकते आणि हातात वस्तरा असतो. पण तुमच्या पत्रासाठी मी फोनवर वेगळा आवाज लावून ठेवला होता, कौतुकानं, लोक बायकोसाठी लावतात तसा. म्हणून बघितलं. मालकी हक्काचा भंग. तक्रार प्राप्त. खाते स्थगित. त्याखाली टपालाच्या तिकिटाएवढं एक चित्र होतं, ज्याच्यावरून एवढं सगळं. वॉकरची मूठ धरलेला एक म्हातारा डावा हात. मी चित्र बघितलं आणि मग खाली बघितलं. तोच हात आप्पांच्या मांडीवर, टॉवेलवर पडला होता. एखादी वस्तू कुणीतरी विसरून जावी तसा. फेस वाळत चालला होता. आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते रागासारखं नव्हतं. आपण दुसऱ्याच्या घरात शिरलोय आणि घरमालक दारात उभा आहे, असं काहीतरी वाटलं. माझ्याच घरात.

लोक विचारतात, तू नक्की करतोस काय? दलाली. सरळ सांगतो. आजारी माणूस घरी असलं की जे जे लागतं, उठायला, बसायला, धुवायला, गोळ्या आठवायला, त्यातलं काय चांगलं नि काय टाकाऊ हे मी माझ्या वेबसाईटवर लिहितो. वाचणारा तिथून तुमच्या दुकानात जातो, विकत घेतो, आणि तुम्ही मला त्यातला तुकडा देता. वस्तू आधी आमच्या घरात येते. आप्पा तिच्यावर बसतात, तिला धरतात, तिच्यावरून एकदा पडतातही. मग मी लिहितो. न वापरलेल्या वस्तूबद्दल एक ओळ मी लिहिलेली नाही. शिक्षण म्हणाल तर शाळेनं मला आणि मी शाळेला एकाच वर्षी सोडलं. लिहायला मी आप्पांच्या आजारात शिकलो. अर्धांगवायूच्या पहिल्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, तेव्हा माझं गोदामातलं काम सुटलं, कारण त्यांच्याजवळ कुणीतरी लागायचं. ही, माझी बायको, चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. तिचं काम पक्कं, माझं कच्चं, म्हणून मी घरी. या दलालीनं मला घरी राहता आलं आणि आप्पांना घरी ठेवता आलं. खातं गेलं की मी कामाला बाहेर, मी बाहेर की आप्पा आजारी म्हातारे ठेवणाऱ्या संस्थेत. त्या संस्थेत मी एकदा जाऊन आलो होतो. एका ओळीत पलंग, एका ओळीत पाय, आणि भिंतीवरचा टीव्ही सगळ्यांसाठी एकच, कुणीही न बघितलेला.

तो फोटो मी काढला तो दिवस मला आठवतो. म्हणजे आठवत होता. आप्पा झटक्यानंतर पहिल्यांदा उभे राहिले तो दिवस. एका हातानं धरायचा, चार पायांचा वॉकर आला होता आणि त्याची रबरी मूठ उजव्या हाताची होती. बोटं बसायला जे खळगे असतात ते डाव्या हाताला उलटे येतात आणि तळवा सोलतो. मी मूठ गरम पाण्यात भिजवली, साबण लावून ओढून काढली, फिरवून परत बसवली. आप्पांनी ती धरली. हिनं मागून कमरेला हात दिला. ते उठले. खिडकीतून आडवं ऊन येत होतं, ते त्यांच्या नखांवर पडलं, आणि मी फरशीवर गुडघे टेकून फोटो काढला. फरशी गार होती. आप्पांनी माझ्याकडे खाली बघितलं आणि म्हणाले, “हरामखोर.” उभ्या आयुष्यात ज्या माणसानं ‘गाढव’सुद्धा म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडात झटक्यानंतर शब्द उरले पाचसहा, आणि त्यातला सगळ्यात स्वच्छ हा. आम्ही तिघं इतके हसलो की आप्पांना परत खाली बसवावं लागलं. त्या फोटोखाली मी वॉकरबद्दल चांगलं लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य टाकलं: ओल्या फरशीवर याची रबरं घसरतात, बाथरूममध्ये नेऊ नका. कंपनीचं दुखणं ते वाक्य होतं. वाक्य खोटं ठरवता येत नाही, म्हणून त्यांनी फोटोला धरलं. आधी माझाच फोटो उचलून स्वतःच्या कॅटलॉगात छापला, कोपऱ्यात स्वतःचं चिन्ह ठोकलं, आणि मग तुमच्याकडे येऊन बोंब मारली की आमच्या कॅटलॉगातला फोटो यानं पळवला. त्यांच्या कॅटलॉगात त्यांच्याच वॉकरची मूठ उलटी आहे. स्वतःच्या मालाची मूठ कुठल्या बाजूला असते हे त्यांना कळलं नाही, तुम्हाला कळलं नाही. मी लिहून कळवलं. तुमचं उत्तर तीन श्वासांत आलं. तीन श्वासांत माणूस चष्मासुद्धा डोळ्यावर चढवू शकत नाही.

पण माझ्या गाढवपणाचंही सांगतो. पहिलं पत्र वाचलं, आप्पांचा उरलेला गाल कसाबसा उरकला आणि आधी ते पानच काढून टाकलं. फोटोही, वाक्यही. म्हटलं वाद नको, काढलं की खातं सुटेल. मग कुपनला फोन केला. कुपन आमच्याच धंद्यातला, सवलतीची कुपनं जमवून त्याची साईट चालवतो, त्याचं खरं नाव त्याची आईही वापरत नसावी.

“काढलंस?” तो ओरडला. “पान काढलंस? अरे शहाण्या, काढलंस म्हणजे कबूल केलंस! त्यांचं मशीन एवढंच बघतं, चित्र आहे का गेलं. गेलं म्हणजे चोरानं माल परत केला.”

“घाबरलो रे.”

“घाबरावं ना माणसानं. पण हात खिशात ठेवून घाबरावं.” मग जरा मऊ होत म्हणाला, “मूळ फोटो असेल ना? मोठा? त्यात तारीख असते, कॅमेरा असतो.”

“आपण ठेवतो का मूळ?”

आमच्यात कुणीच ठेवत नाही. फोटो काढायचा, दाबून हलका करायचा, त्यातली तारीखबिरीख पुसून टाकायची आणि मूळ फेकायचं. पान जड झालं तर वाचणारा थांबत नाही, तो दुसऱ्याच्या दुकानातून घेतो. हे आम्हाला शिकवलं कुणी? तुमच्याच सूचनांनी. पान हलकं ठेवा. ठेवलं. इतकं हलकं की त्यात आम्ही उरलो नाही.

“मग नवीन काढ,” कुपन म्हणाला. “तोच हात, तोच वॉकर, तीच खिडकी. म्हाताऱ्याचा हात कंपनीकडे कुठून येणार? बरे आहेत ना म्हातारबुवा?”

“बरे आहेत,” मी म्हणालो.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. मी तुम्हाला लिहायचो, तुम्ही तेच पत्र परत पाठवायचात. अपील, फेटाळले. पुनर्विचार, फेटाळला. दिवसभर मी आप्पांच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचो आणि पडद्यावर तो कॅटलॉगातला फोटो उघडून ठेवायचो, आणि एका दुपारी मला खरोखर शंका आली की हा मी काढलाय का. ऊन आठवत होतं, गार फरशी आठवत होती, पण आठवणीतल्या त्या चित्राच्या कोपऱ्यात आता कंपनीचं चिन्ह होतं. पुसायला गेलो तर हलेना. हिचा मागून दिलेला हात आठवला, त्याच्यावरही चिन्ह. मग मी घरातल्या इतर वस्तूंकडे बघायला लागलो. पाण्याचा तांब्या, आप्पांचा चष्मा, माझी चप्पल. हे माझं आहे याचा पुरावा काय? रोज वापरतो हा पुरावा होत नाही. आठवतं हा तर मुळीच होत नाही. गल्लीतून कुणीतरी हाक मारली तर मी दचकायचो, की आता बापही मागायला आले. हसू नका. तुम्ही हसत नाहीच म्हणा.

ही संध्याकाळी यायची, पिशवी ठेवायची आणि विचारायची, “आलं का?”

“तेच.”

“फोन लाव ना सरळ.”

“नंबर नाही त्यांना.”

“एवढं मोठं दुकान आणि फोन नाही?”

“फोन आहे. नंबर नाही.”

पलंगावरून आप्पांचा घशातला आवाज आला. हसत होते. ही त्यांच्याकडे वळून म्हणाली, “हसा, हसा. तुमच्या हातापायी चाललंय सगळं, आणि तुम्ही हसा.” आणि त्यांची चादर सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “संस्थेतून विचारत होते. जागा आहे म्हणे.” ती पुढे म्हणाली, “मी नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. तू काहीतरी कर.” त्याच सुमारास एका बाईंचं पत्र आलं, कुठल्या गावच्या कोण जाणे. सासूबाईंसाठी वॉकर मागवलाय, तुमचं पान उघडत नाही, बाथरूममध्ये नेला तर चालेल का? मी तिला लगेच लिहिलं, नेऊ नका. पण पत्र लिहिणारी एक. न लिहिता नेणाऱ्या किती, हे तुम्हीच सांगू शकाल, विक्री तुमच्याकडे मोजली जाते.

आप्पा बँकेत सह्या पडताळायचे. चेकवरची सही आणि कार्डावरची सही, जन्मभर. माझ्या लहानपणी ते मला म्हणायचे, “सही कधी दोनदा सारखी येत नाही रे. माणूस घाईत असतो, दमलेला असतो, कधी भांडून आलेला असतो. दोन सह्या ठिपक्याला ठिपका जुळल्या की समजावं, खोटी.” मी विचारायचो, मग खरी कशी ओळखता? “बघायची,” म्हणायचे. “घाई करायची नाही. बघत बसलं की आत माणूस दिसतो.” पहिल्या झटक्यानंतर डाव्या हातानं केलेली त्यांची स्वतःची सही त्यांच्याच बँकेनं परत पाठवली. मी चिडलो. आप्पांनी मान हलवून मला गप्प केलं, चेहऱ्यावर चक्क समाधान. बरोबर केलं, असा अर्थ. दुसऱ्या दिवशी काउंटरवरची मुलगी शाईचा पॅड घेऊन घरी आली, जिने चढून, धापा टाकत. आप्पांकडे बघितलं, त्यांचा अंगठा धरला, उठवला, कागदाला लावला, मग स्वतःच्या रुमालानं पुसला. “काका, झालं हं,” म्हणाली. एवढंच. तुमच्या सगळ्या पत्रांना मिळून तेवढी लांबी येत नाही.

आता नवीन फोटोचं. कुपनला मी सांगितलं नव्हतं की मागच्या वर्षी दुसरा झटका आला आणि आप्पांचा डावा हातही गेला. वॉकर तेव्हापासून गॅलरीत होता, त्याच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो. परवा दुपारी, ही कामावर असताना, मी टॉवेल काढले, वॉकर पुसला, आत आणला आणि पलंगाशी त्याच खिडकीसमोर ठेवला. आप्पांना उशांच्या आधारानं बसवलं. हात मिटलेला होता, आजकाल तो मिटलेलाच असतो, बोटं तळव्यात रुतलेली. मी समजावलं. “आप्पा, एक फोटो. तुमचा हात तुमचाच आहे एवढं दाखवायचंय. मग सगळं सुरळीत.” त्यांना कळलं. पापण्या मिटून हो म्हणाले. मी करंगळी उघडली. मग दुसरं बोट. एक उघडलं की आधीचं मिटायचं. तिसऱ्याला त्यांच्या घशातून आवाज आला, बारीक, दार किरकिरावं तसा. मी थांबलो नाही. मी त्यांचा तळवा मुठीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला, की बोटं पुन्हा सुटून आत. पुन्हा उघडली. पुन्हा सुटली. मला घाम फुटला होता. मी काहीतरी पुटपुटत होतो, तुम्हाला शिव्या देत होतो की त्यांना, आता सांगता येत नाही. मी वाट बघत होतो की ते ‘हरामखोर’ म्हणतील. म्हणाले असते तर मी सोडलं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि खूप जोर लावून, अर्धा ओठ वाकडा करत, म्हणाले, “बांध.”

मी नीट ऐकलं. तरीही विचारलं, “काय?”

“बांध.”

मी ड्रेसिंगची पट्टी आणली आणि माझ्या बापाचा हात वॉकरला बांधला. मनगटाशी दोन वेढे, बोटांवरून एक. ओढून गाठ मारली. बोटं आता मूठ धरल्यासारखी दिसत होती. ऊन यायला वेळ होता, मी उन्हासाठी थांबलो. विचार करा. तुम्हाला सारखं दिसावं म्हणून मी उन्हासाठी थांबलो, आणि आप्पाही थांबले, बांधलेले, मान एका बाजूला, डोळ्यांच्या कडांतून पाणी. ऊन आलं. नखांवर आलं. मी फरशीवर गुडघे टेकले.

लॅचचा आवाज मला ऐकू आला नाही. ही दारात उभी होती. त्या दिवशी लवकर सुटली होती.

“काय चाललंय?”

“पुरावा,” मी म्हणालो.

तिनं चपलाही काढल्या नाहीत. आली, गाठ सोडायला लागली, सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. मनगटावर वळ उठला होता. ती तो चोळत राहिली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “पाठवू नकोस तो.”

“ते स्वतःच म्हणाले, बांध.”

“ते बापच आहेत, म्हणणारच. तू कोण आहेस?”

आणि मी फोटो पाठवला. स्वयंपाकघरात उभं राहून, नळ चालू ठेवून, पाठवला.

तुमचं पत्र चहा उकळायच्या आत आलं. आपण सादर केलेल्या चित्रात एका असहाय व्यक्तीस बळजबरीने जखडल्याचे आढळले आहे. असे चित्र आमच्या धोरणात बसत नाही. आपले खाते कायमचे बंद करण्यात येत आहे. आणि त्याखाली, जाता जाता, आठवण झाल्यासारखं: चित्रातील हात वादग्रस्त चित्रातील हाताशी जुळत नाही. मी ओट्याला धरून उभा राहिलो. मला तुमचा राग यायला हवा होता, पण पहिली ओळ खरी होती. आजवरच्या तुमच्या पत्रांतली पहिली खरी ओळ. पट्टी तुम्हाला दिसली. वळ दिसला. असहाय हा शब्द तुम्हाला सापडला, जो मला माझ्या खोलीत, माझ्या हातांखाली सापडला नव्हता. ही आत आली, माझ्या हातातून फोन घेतला, वाचलं, आणि गॅस बंद करून संस्थेला फोन लावला. सोमवारी गाडी येणार आहे. आप्पांच्या पिशवीत काय भरायचं याची चौकशी ती करत होती तेव्हा मी बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी विचारलं, “झालं?” मी म्हणालो, “झालं.” त्यांनी डोळे मिटले. समाधानानं. ते समाधान तुम्हाला पाठवता आलं असतं तर पाठवलं असतं, बघा जुळतंय का कशाशी.

म्हणून मी लिहितोय, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये त्या पत्त्यावर. खातं परत द्या असं म्हणत नाही. वकील नाही, ओळख नाही, ऐपत नाही, आणि सोमवार तुमच्यासाठी थांबणार नाही. एवढंच सांगा. ज्याला गाठ दिसली, वळ दिसला, बळजबरी दिसली, त्याला याआधी तोच हात उभा राहताना का दिसला नाही? की चांगलं चाललेलं असताना तुम्ही बघतच नाही? आणि तो त्या कॅटलॉगातला हात नसेल, तर कॅटलॉगात उभा आहे तो माणूस कोण आहे? त्याला कंपनीत कुणी पाहिलंय? त्याची दाढी कोण करतं? तो तुमचा असेल तर घेऊन जा, धुवा, भरवा, कूस बदला. नसेल तर तसं लिहा. टीम म्हणून नको. ज्यानं दोन्ही फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघितले असतील अशा एका माणसानं, खाली स्वतःचं नाव घालून, मला उत्तर द्यावं. आणि असा माणूस तिथं कुणीच नसेल, तर तेवढं तरी लिहा की कुणी नाही.